कागद, हुकूम आणि सावली : जर्मन मूक भयपटांचा एक फेरविचार

जर्मनीतील मूक भयपटांचा विषय निघाला की पहिला उल्लेख होतो तो वाकड्या भिंतींचा. कलंडलेली घरे, टोकदार खिडक्या, भिंतीवर रंगाने काढलेल्या सावल्या आणि त्या साऱ्यांतून कडेकडेने सरकणारी एखादी कृश काळी आकृती, असे एक ठरीव चित्र रसिकांच्या मनात असते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. केवळ नेपथ्य वाकडे केल्याने भय निर्माण होत असते, तर पुढील शंभर वर्षांत या शैलीची नक्कल करणारे जे असंख्य चित्रपट निघाले ते सगळेच आपल्याला भेडसावत राहिले असते. तसे झालेले नाही. ‘द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी’ (१९२०), ‘द गोलेम : तो जगात कसा आला’ (१९२०) आणि ‘नोस्फेरातू’ (१९२२) ही तीन नावे मात्र आजही पुसली गेलेली नाहीत. यांच्यात टिकून राहिले ते नेमके काय, हा प्रश्न म्हणूनच पुन्हा विचारण्यासारखा आहे.

या प्रश्नाला एक प्रसिद्ध उत्तर आहे. फ्रँकफुर्टच्या वृत्तपत्रात चित्रपट-समीक्षा लिहिणारे झीगफ्रीड क्राकाउअर १९३३ साली जर्मनीबाहेर पडले आणि पुढे अमेरिकेत पोहोचले. १९४७ मध्ये त्यांनी ‘कॅलिगारीपासून हिटलरपर्यंत’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या चित्रपटांत जर्मन समाजमनाची हुकूमशहापुढे झुकण्याची वृत्ती आधीच उमटलेली होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅलिगारी हा जणू येऊ घातलेल्या हुकूमशहाचा पूर्वावतार ठरला. ग्रंथ प्रभावी आहे, त्यामागची वेदनाही खरी आहे. तरीही घटना घडून गेल्यानंतर मागे वळून पाहणाऱ्याला प्रत्येक पाऊलवाट कड्याकडेच जाताना दिसते, हा धोका त्यात आहे. १९२० साली तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाला १९३३ ठाऊक नव्हते. त्याला १९१४ ते १९१८ ही वर्षे मात्र पुरेपूर ठाऊक होती.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, या तिन्ही चित्रपटांत भय प्रथम सावलीच्या रूपाने येत नाही. ते कागदाच्या रूपाने येते. कुठे परवाना, कुठे राजाज्ञा, कुठे घरखरेदीचा दस्तऐवज. मग त्या कागदामागून हुकूम येतो आणि हुकूम पाळणारा कोणीतरी येतो. सावली पडते ती सर्वांत शेवटी.

प्रथम ‘कॅलिगारी’ पाहू. २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रपटगृहात त्याचा पहिला खेळ झाला. दिग्दर्शक रॉबर्ट वीने, निर्मितीची सूत्रे एरिख पोमर यांच्या हाती, पटकथा कार्ल मायर आणि हान्स यानोविट्झ यांची. हेरमान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर रोरिग या तिघांनी कापडावर आणि फळ्यांवर रंगवलेले नेपथ्य हा त्या चित्रपटाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला विशेष. होल्स्टनवाल नावाच्या गावी जत्रा भरते. डॉ. कॅलिगारी नावाचा एक म्हातारा खेळवाला तेथे येतो आणि सर्वांत आधी गावच्या कचेरीत जातो. त्याला तंबू लावण्याचा परवाना हवा असतो. कारकून एका विलक्षण उंच स्टुलावर बसलेला आहे. इतक्या उंच, की अर्जदाराने मान वर करूनच बोलावे. तो खेकसतो, थांबायला लावतो, टर उडवतो. म्हातारा ओशाळे हसत वाकून उभा राहतो. रात्री त्या कारकुनाचा खून होतो.

या प्रसंगाकडे समीक्षेचे लक्ष म्हणावे तितके गेलेले नाही. चित्रपटातील पहिला बळी हा भूत पाहिलेला माणूस नाही, तर खुर्चीवरचा माणूस आहे. आणि त्याला मारणारा, एका अर्थी, कचेरीत ताटकळलेला अर्जदार आहे. प्रेक्षकाची सहानुभूती क्षणभर म्हाताऱ्याकडे झुकते, आणि येथेच चित्रपट आपल्याला पकडतो. कारण पुढे उघड होते की हा अपमानित अर्जदार स्वतः वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख आहे. कचेरीच्या एका दारात तो वाकतो, तर दुसऱ्या दारामागे इतरांना वाकवतो. सत्ता त्याला बाहेरून चिरडणारी आणि आतून भुलवणारी, अशी दोन्ही रूपांत भेटते. एका प्रसंगात तर हवेत, झाडांच्या फांद्यांत, भिंतींवर अक्षरे उमटू लागतात आणि त्याला कॅलिगारी होण्याचा आदेश देतात. हुकूम देणारा माणूसही कुठल्यातरी अक्षरांचा हुकूमच पाळत असतो, इतकी खोल कल्पना या स्वस्तात रंगवलेल्या पडद्यांमधून व्यक्त झाली आहे.

आणि प्रत्यक्ष खून करणारा? तो सेझारे, पेटीत झोपलेला निद्राचारी. कोनराड फाइट या नटाने त्याचे डोळे उघडण्याचा जो क्षण साकारला आहे, त्याला तोड नाही. पापण्या थरथरतात, जड होतात आणि मग एकदम उघडलेल्या नजरेत कोणाचीच ओळख नसते. हा खुनी द्वेषाने मारत नाही, लोभाने मारत नाही. सांगितले म्हणून मारतो. महायुद्धात सुमारे २० लाख जर्मन सैनिक मरण पावले होते. त्या काळच्या प्रेक्षकाला हुकमाबरोबर चालू लागणारा तरुण देह नवा नव्हता. जेनला मारण्यासाठी गेलेला सेझारे सुरा उगारतो आणि थबकतो. तो तिला उचलून छपरांवरून पळतो, थकतो, कोसळतो. हुकमाबाहेर टाकलेले त्याचे हे पहिले आणि शेवटचे पाऊल. चित्रपटात कोठे आशा असेल तर ती या थबकण्यात आहे.

येथे चौकटीचा वाद उपस्थित होतो. सगळी कथा फ्रान्सिस नावाचा तरुण सांगतो आणि अखेरीस कळते की तो स्वतःच वेड्यांच्या इस्पितळातील रुग्ण आहे. ज्याला तो कॅलिगारी समजतो तो तेथील डॉक्टर. यानोविट्झ यांच्या कथनावर विसंबून क्राकाउअर यांनी असे मांडले की, मूळ संहिता सत्तेविरुद्धचा बंडखोर आरोप होती. वरून चढवलेल्या चौकटीने तिचा अर्थ उलटा केला आणि आरोप करणारालाच वेडा ठरवले. पुढे, कॅलिगारीची भूमिका करणारे वेर्नर क्राउस यांच्याजवळची संहितेची प्रत उजेडात आली आणि १९९५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत वेगळ्या स्वरूपाची चौकट आहेच. कित्येक वर्षांनंतर फ्रान्सिस आणि जेन पाहुण्यांच्या मेळाव्यात बसले असताना फ्रान्सिस ही जुनी हकीगत सांगू लागतो. वेड्यांच्या इस्पितळातील शेवट मात्र तीत नाही. म्हणजे चौकट ही सर्वस्वी बाहेरून लादलेली वस्तू होती, हे विधान आता जसेच्या तसे मान्य करता येत नाही.

पण कागदोपत्री पुराव्याहूनही बोलका पुरावा खुद्द पडद्यावर आहे. फ्रान्सिसची कथा हा भ्रम असेल, तर भ्रम संपल्यावर भिंती सरळ व्हायला हव्यात. तसे होत नाही. कथेतील इस्पितळाचे जे प्रांगण आपण पाहिले, किरणांसारख्या रेषा जमिनीवर फाकलेले, तेच प्रांगण चौकटीतही आहे. ‘शहाण्या’ जगाचे नेपथ्यही वाकडेच राहते. शेवटी डॉक्टर चष्मा लावतो, रुग्णाचा आजार आता आपल्याला उमगला असून तो बरा करण्याचा मार्गही सापडला आहे, असे सांगतो, आणि क्राउस यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा रेंगाळतो. हा चेहरा दिलासा देणारा आहे असे कोणता प्रेक्षक म्हणेल? चौकटीने बंडाचा सूर दाबला, हे खरे नाही. तिने संशय प्रेक्षकाबरोबर घरी पाठवला. उपचार आणि ताबा यांतील सीमारेषा कोठे आहे, हा प्रश्न तिने उघडा ठेवला. क्राकाउअर यांनी या चित्रपटाला आज्ञाधारक ठरवले, तेथे त्यांच्या निर्णयाशी आपला मतभेद असायला हवा.

‘गोलेम’ची प्रकृती निराळी. दिग्दर्शन पाउल वेगेनर आणि कार्ल बोझे यांचे, छायाचित्रण कार्ल फ्रॉइंट यांचे, आणि नेपथ्य हान्स पोएल्झिग या नामांकित वास्तुशिल्पीचे. येथील वस्ती कापडावर रंगवलेली नसून मातीतून उगवल्यासारखी उभी आहे. घरे एकमेकांना टेकून, पाठीला बाक आलेल्या म्हाताऱ्यांसारखी. जुन्या प्राग शहरातील ज्यू वस्तीवर सम्राटाची आज्ञा येते, की या लोकांनी शहर सोडून जावे. उमद्या पोशाखातील एक सरदार, हातात फूल खेळवत, तो मृत्यूचा कागद घेऊन येतो. त्या कागदाला उत्तर म्हणून धर्मगुरू लोव मातीचा पुतळा घडवतो. आणि पुतळ्यात जीव कशाने येतो? पुन्हा एका कागदाने. चिठ्ठीवर लिहिलेला गूढ शब्द छातीवरील ताऱ्यात बसवला की माती चालू लागते.

राजाज्ञेने वस्ती उठवायची आणि शब्दाने पुतळा उठवायचा, या दोन क्रियांची समांतर रचना हे या चित्रपटाचे मर्म आहे. गोलेम दुष्ट नाही. तो लाकडे फोडतो, बाजारहाट करतो, दरबारात कोसळणारे छप्पर खांद्यावर तोलून धरतो आणि त्यामुळेच आज्ञा मागे घेतली जाते. अनर्थ होतो तो धर्मगुरूचा सहायक मत्सरापोटी त्याच शक्तीला खासगी कामाला जुंपतो तेव्हा. बचावासाठी घडवलेले शस्त्र सूडासाठी किती सहज वापरता येते! अखेरीस वेशीचा दरवाजा मोडून गोलेम बाहेर येतो. उन्हात मुले खेळत आहेत. एक चिमुरडी त्याला सफरचंद देते, तो तिला कडेवर घेतो, आणि ती खेळता खेळता छातीवरचा तारा काढून टाकते. पंडितांना आणि सम्राटाला जे जमले नाही ते भीती ठाऊक नसलेल्या बोटांनी झाले. मात्र हेही विसरता येत नाही, की चित्रपटाने ज्यू वस्ती जादूटोण्याची आणि गूढ विद्यांची जागा म्हणूनच रंगवली आहे, आणि शेवटी दरवाजा पुन्हा बंद होतो तो त्या वस्तीवरच. करुणा आहे, पण ती बाहेरच्याची करुणा आहे.

‘नोस्फेरातू’कडे वळताना आपल्याला एक ओळखीचा शब्द भेटतो. या चित्रपटाची निर्मिती करणाऱ्या संस्थेचे नाव होते ‘प्राण-फिल्म’. गूढविद्येत रमणारे आल्बिन ग्राऊ हे तिचे एक संस्थापक आणि चित्रपटाचे नेपथ्यकार. संस्कृतातील ‘प्राण’ हा शब्द त्यांनी तेथून उचलला. इतरांचा प्राण शोषून जगणाऱ्या पिशाचाची कथा ‘प्राण’ नावाच्या संस्थेने सांगावी, हा योगायोग मराठी वाचकाच्या अधिक लक्षात राहील. दुर्दैव असे, की या संस्थेचा हा एकच चित्रपट. ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीवर तो परवानगीविना बेतला होता. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी दावा लावला, संस्था दिवाळखोर झाली, आणि १९२५ मध्ये न्यायालयाने सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. कागदाने मारलेला चित्रपट परदेशी गेलेल्या प्रतींमुळे वाचला.

त्याच्या कथेतही कागदच केंद्रस्थानी आहे. हुटर हा घरांच्या व्यवहारातील एका दलालाचा तरुण मदतनीस. दूरदेशीच्या काउंट ओर्लोकला आपल्याच घरासमोरचे पडके घर विकायचे आणि त्यात पैसे सुटायचे, एवढ्या आशेने तो निघतो. पिशाच गावावर चालून येत नाही. रीतसर खरेदीखत करून येते. मुर्नाऊ यांनी हा चित्रपट बव्हंशी खऱ्या जागी चित्रित केला. विस्मार आणि ल्युबेक या बंदरगावांत, आणि आज स्लोव्हाकियात असलेल्या ओरावाच्या किल्ल्यात. म्हणून काटेकोरपणे पाहता त्याला अभिव्यक्तीवादी म्हणता येईल का, अशी शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. येथे भिंती सरळ आहेत, समुद्र खरा आहे, आणि त्या खऱ्या जगात माक्स श्रेक यांची ती काठीसारखी ताठ आकृती उभी राहते. वाकड्या जगातील वाकड्या माणसापेक्षा सरळ जगातील हा माणूस जास्त भयानक वाटतो.

या चित्रपटाच्या आस्वादात एक तांत्रिक अडचणही होती. फिल्म सोसायट्यांमधून मूकपट पाहिलेल्या पिढीने बहुधा झिजलेल्या काळ्यापांढऱ्या प्रती पाहिल्या. मूळ प्रती तशा नव्हत्या. रात्रीचे प्रसंग दिवसा चित्रित करून फिल्मला निळी छटा देत असत. दिव्याच्या उजेडाला पिवळसर, पहाटेला गुलाबी. छटा नसलेल्या प्रतीत ओर्लोक भर उन्हात शवपेटी काखोटीला मारून चालताना दिसतो आणि प्रेक्षक हसतो. उन्हाने पिशाच मरते ही कल्पना याच चित्रपटाची आहे, स्टोकरच्या कादंबरीतली नव्हे. तेव्हा निळी छटा ही सजावट नव्हती. ती कथेची अट होती. जुन्या छटायुक्त प्रतीच्या आधारे झालेल्या पुनरुज्जीवनानंतर, आणि २०१४ मध्ये ‘कॅलिगारी’ची मूळ निगेटिव्हवरून सिद्ध केलेली प्रत बर्लिनच्या महोत्सवात दाखवली गेल्यानंतर, या चित्रपटांविषयीची अनेक जुनी मते तपासून घेणे भाग आहे.

‘नोस्फेरातू’वरचा गंभीर आक्षेप वेगळा आहे. पूर्वेकडून येणारा परका, वाकडे नाक, लांब नखे, सोबत उंदीर आणि प्लेग. पुढे नात्सी प्रचाराने ज्यूंविरुद्ध जी चित्रभाषा वापरली तिच्याशी हे वर्णन जुळते. हे साम्य नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पटकथाकार हेन्रिक गालेन आणि दलाल नॉकची भूमिका करणारे अलेक्झांडर ग्रानाख हे दोघे ज्यू होते, एवढ्याने आक्षेप निकाली निघत नाही. कारण प्रतिमा एकदा पडद्यावर आली की ती कर्त्याच्या हेतूंची बांधील राहत नाही. परंतु त्याच चित्रपटातील एक प्रसंग दुसऱ्या पारड्यात टाकायला हवा. साथीने हैराण झालेले लोक कोणालातरी जबाबदार धरायला आसुसलेले असतात आणि वेड्या नॉकच्या मागे धावतात. शेतात धावता धावता ते एका बुजगावण्यावर तुटून पडतात आणि त्याच्या चिंध्या करतात. खरा मारेकरी तोवर खिडकीत निवांत उभा आहे. चुकीच्या माणसावर तुटून पडणाऱ्या जमावाचे इतके थोडक्यात आणि इतके निर्दय चित्र मूकपटात क्वचितच सापडेल. जो चित्रपट परक्याचे भय पेरतो तोच त्या भयाचे हसेही करतो. हा अंतर्विरोध सोडवून टाकण्यापेक्षा तो जपून पाहणे हे समीक्षेचे काम आहे.

या कलावंतांची पुढची आयुष्ये पाहिली की क्राकाउअर यांचा प्रश्न वेगळ्या दाराने परत येतो. सेझारे साकारणाऱ्या फाइट यांनी १९३३ मध्ये ज्यू पत्नीसह जर्मनी सोडली. ‘कॅसाब्लांका’ या १९४२ च्या चित्रपटात नात्सी अधिकाऱ्याची भूमिका करून १९४३ मध्ये ते अमेरिकेत निवर्तले. वीने परदेशातच, १९३८ मध्ये पॅरिसला वारले. कार्ल मायर यांचा मृत्यू १९४४ मध्ये लंडनला झाला. कॅलिगारी साकारणारे क्राउस मात्र जर्मनीतच राहिले आणि १९४० च्या ‘ज्यू स्युस’ या कुप्रसिद्ध प्रचारपटात त्यांनी एकाहून अधिक ज्यू पात्रे रंगवली. हुकमाचा गुलाम रंगवणारा हुकूम झुगारून गेला आणि हुकूम देणारा रंगवणारा हुकमाच्या सेवेत राहिला. यातून चित्रपटाचा अर्थ सिद्ध होत नाही. एवढेच सिद्ध होते, की एकाच चित्रपटातून दोन वाटा निघत होत्या. भविष्य ठरलेले नव्हते; माणसांनी ते निवडले.

या शैलीची एक खरी शाखा आपल्या अंगणापर्यंत आलेली आहे. व्ही. शांताराम १९३३ मध्ये ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला गेले आणि तेथील चित्रपटतंत्र त्यांनी जवळून पाहिले. परतल्यावर ‘प्रभात’ने पुण्यात काढलेला ‘अमृतमंथन’ (१९३४) पाहावा. काळोख कापत येणारा प्रकाश आणि पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळा! मराठी आवृत्तीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन यांनी तो राजगुरू उभा केला. पण उसनवारी केवळ प्रकाशयोजनेची नाही. बळीची प्रथा बंद करणाऱ्या राजाचा वध हा राजगुरू स्वतःच्या हाताने करत नाही; तो आज्ञा देतो आणि श्रद्धाळू अनुयायी ती पाळतो. येथेही भय डोळ्यात नसून त्या आज्ञापालनात आहे. शांताराम यांनी जर्मनांकडून सावली घेतली, आणि सावली कोणाची असते हेही त्यांना समजले होते. बॉम्बे टॉकीजचे छायाचित्रकार योसेफ विर्शिंग यांनी चित्रित केलेला ‘महल’ (१९४९) हाही अनेकदा या परंपरेत गणला जातो; परंतु विर्शिंग म्युनिककडचे, बर्लिनच्या या चळवळीतले नव्हेत, तेव्हा सरळ वंशावळ मांडण्याचा मोह आवरलेला बरा.

तात्पर्य असे, की या चित्रपटांना भविष्यवाणी मानणे म्हणजे त्यांना १९४५ मध्ये निवृत्त करणे होय. भाकीत खरे ठरले की त्याचे काम संपते. पण परवान्यासाठी वाकलेला अर्जदार, वस्ती उठवणारा कागद घेऊन येणारा प्रसन्न दूत, चार पैशांसाठी समोरचे घर कोणालाही विकणारा भला तरुण, आणि बुजगावण्यावर तुटून पडणारा जमाव, यांपैकी कोणीही निवृत्त झालेला नाही. वाकड्या भिंती जुन्या झाल्या, त्यांवर रंगवलेल्या सावल्या फिकट झाल्या. पेटीतल्या सेझारेने डोळे उघडावेत आणि क्षणभर तरी थबकावे, ही अपेक्षा मात्र अजून ताजी आहे. हे चित्रपट पुन्हा पाहायचे ते त्या थबकण्यासाठी.